ट्यूबवरचा हिरवा चहा

 

राजापेठ चौकातून बडनेरा रस्त्याला लागलं की कटलरीची, जनरल स्टोअर्सची, मेडिकलची दुकानं लागतात. त्यातल्या कोणत्याही दुकानाच्या फळीकडे नजर टाका. फेसवॉश, साबण, क्रीम, चेहऱ्याला लावायचा कागदी मास्क, तोंडावर मारायचा फवारा. प्रत्येकात एखादी तरी वस्तू हिरव्या डबीतली, वर चहाचं पान आणि ‘ग्रीन टी’ असे शब्द. आता हीच वस्तू तालुक्याच्या बाजारात आणि गावच्या जत्रेतही दिसते. गटांच्या बैठकांमध्ये आम्हाला तीन प्रश्न नेहमी विचारले जातात. हा हिरवा चहा तोंडाला लावून काही होतं का? घ्यायचा तर कसा पारखून घ्यायचा? आणि आमच्या गटाने ग्रीन टीचा साबण किंवा क्रीम बनवून विकलं तर चालेल का? आज या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देऊ. बोलता बोलता अकोल्यात घडलेली एक गोष्टही सांगायची आहे, कारण ती माहीत असेल तर एखाद्या घरातलं मोठं दुखणं टळेल.

हिरवा चहा म्हणजे कोणता चहा?

पहिला गोंधळ दूर करू. हिरवा चहा म्हणजे गवती चहा नाही. आपल्या परसात मोरीच्या पाण्यावर वाढतो तो गवती चहा हे गवत आहे, त्याची जात वेगळी आणि गुण वेगळे. हिरवा चहा येतो चहाच्याच झुडपापासून. आपण रोज सकाळी दूध-साखर घालून उकळतो त्या चहापत्तीचं आणि हिरव्या चहाचं झुडूप एकच. त्याचं शास्त्रीय नाव कॅमेलिया सायनेन्सिस. हे नाव लक्षात ठेवा, पुढे डबी वाचताना लागेल.

आपल्या जिल्ह्यात चिखलदऱ्याला कॉफीची झाडं आहेत, पण चहाची शेती आपल्याकडे नाही. चहा येतो आसामातून, दार्जिलिंगहून, दक्षिणेतल्या निलगिरीतून. हिमाचलातल्या कांगड्यातही हिरवा चहा होतो.

झुडूप एकच, तर एक चहा काळा आणि एक हिरवा कसा? फरक पडतो पान तोडल्यानंतर. सफरचंद किंवा वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, ते आपण रोज बघतो. चहाच्या पानाचंही तसंच आहे. पान चुरगळून हवेत ठेवलं की त्यातले घटक हवेशी मिळतात, पान तांबूस आणि मग काळं होतं. तो आपला नेहमीचा चहा. हिरव्या चहासाठी पान तोडलं की लगेच वाफेवर धरतात किंवा कढईत गरम करतात. उष्णतेने काळं पडण्याची क्रिया तिथेच थांबते आणि पान हिरवं राहतं.

हिरव्या पानात त्यामुळे एक गोष्ट जास्त टिकते. तिला म्हणतात कॅटेचिन. तुरट चव असते ती याच वर्गातल्या पदार्थांची. कॅटेचिनांमध्ये सगळ्यात जास्त प्रमाणात असतं आणि ज्याच्यावर सगळ्यात जास्त अभ्यास झालाय ते ईजीसीजी. नाव अवघड आहे, पण ही चार अक्षरं पुरे. काळ्या चहात हेच कॅटेचिन बदलून दुसरे पदार्थ बनतात, त्यांनीच आपल्या चहाला रंग येतो.

अर्क कसा काढतात?

डबीत चहाची पानं नसतात, पानांचा अर्क असतो. आपण काढा करतो, तीच युक्ती मोठ्या प्रमाणावर. पानं गरम पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये भिजवायची, गाळायचं, पाणी आटवायचं आणि उरलेल्याची भुकटी करायची. काही कारखाने भुकटीऐवजी ग्लिसरीनमध्ये मिसळलेला पातळ अर्क विकतात. इथेच पहिली मेख आहे. एका कारखान्याच्या भुकटीत कॅटेचिन भरपूर असतं, तर दुसऱ्याच्या पातळ अर्कात नावापुरतं. डबीवर मात्र दोन्हीचं नाव एकच छापलं जातं.

दुसरी मेख टिकण्याची. ईजीसीजी नाजूक आहे. उजेड, उष्णता, हवा आणि क्षार यांनी ते बिघडतं. आंबटसर द्रवात ते बरं टिकतं, खारट-तुरट सोड्यासारख्या द्रवात लवकर मोडतं. त्याचा प्रयोग बैठकीत करून बघा. दोन काचेचे ग्लास घ्या, दोन्हीत कोरा हिरवा चहा ओता. एकात चिमूटभर खायचा सोडा टाका. थोड्या वेळाने सोडा टाकलेला ग्लास गडद तांबूस होत जाईल, दुसरा फिकट राहील. रंग बदलला याचा अर्थ आतला पदार्थ बदलला.

आता साबणाचा विचार करा. तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्यापासून बनलेला साबण क्षारयुक्त असतो. त्याचा पीएच नऊ-दहाच्या घरात, तर आपल्या त्वचेचा साधारण पाचच्या आसपास. म्हणजे साबणाची वडी ही आपल्या सोडा टाकलेल्या ग्लाससारखी. त्यात घातलेला ग्रीन टीचा अर्क किती दिवस तग धरणार? शिवाय साबण अंगावर राहतो मिनिटभर, मग पाण्याबरोबर मोरीत जातो. तेव्हा ग्रीन टीच्या साबणाने अंग स्वच्छ होईल, वास छान येईल; ग्रीन टीचा गुण मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. त्या पानासाठी दुप्पट पैसे मोजायचं कारण नाही. फेसवॉशचंही बरंचसं असंच, कारण तोही धुऊन टाकायचा.

लावल्याने खरंच काय होतं?

याची उत्तरं अभ्यासांतून मिळतात. थोडी चांगली आहेत, फार मोठी नाहीत.

पहिलं, मुरुम आणि तेलकटपणा. ग्रीन टीच्या बाबतीत सगळ्यात बरा पुरावा इथे आहे. २००९ साली छापून आलेल्या एका अभ्यासात मुरुम असलेल्या २० जणांनी २ टक्के ग्रीन टीचं लोशन दिवसातून दोनदा, ६ आठवडे लावलं. मुरुमांची संख्या निम्म्याहून कमी झाली. माणसं थोडी होती, म्हणून हा शेवटचा शब्द मानता येत नाही. दक्षिण कोरियात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३५ जणांच्या चेहऱ्याच्या एका बाजूला ईजीसीजी लावलं आणि दुसऱ्या बाजूला नुसतं साधं द्रावण. ८ आठवड्यांनी ईजीसीजीच्या बाजूचे मुरुम जास्त कमी झाले होते. म्हणजे हलके मुरुम असतील तर ग्रीन टीचं लावून ठेवायचं लोशन थोडं कामाला येऊ शकतं. मोठे, दुखरे, खड्डे पाडणारे मुरुम असतील तर डॉक्टरच हवेत.

दुसरं, उन्हाने त्वचा लाल होणं. अमेरिकेत २००१ साली झालेल्या अभ्यासात त्वचेवर आधी ग्रीन टीचा अर्क लावला आणि मग अतिनील किरण सोडले, तर लाली कमी आली. पण यावरून ग्रीन टीची क्रीम लावून भर दुपारी निंदणाला जाता येत नाही. अर्क किरणांना अडवत नाही, किरणांनी होणारा दाह थोडा कमी करतो. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो. तिथे पूर्ण बाहीचा सदरा, डोक्यावरून-तोंडावरून रुमाल किंवा ओढणी आणि जमलं तर एसपीएफ ३० चं सनस्क्रीन, हाच उपाय.

तिसरं, औषध म्हणून. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ साली हिरव्या चहाच्या कॅटेचिनांपासून बनवलेल्या एका मलमाला मंजुरी दिली. वनस्पतीपासून बनलेलं आणि चिठ्ठीवर मिळणारं औषध म्हणून त्यांनी मंजूर केलेलं ते पहिलंच. ते आहे जननेंद्रियांवरच्या एका प्रकारच्या चामखिळींसाठी. त्यात कॅटेचिनांचं प्रमाण ठरवून दिलेलं असतं आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ते वापरायचं. चहात खरंच दम आहे हे त्यावरून कळतं. पण चामखिळीवर घरचा चहा बांधा, असा त्याचा अर्थ होत नाही.

आता काय होत नाही तेही ऐका. ग्रीन टीने माणूस गोरा होत नाही. आपल्या त्वचेचा रंग आपल्याला आईबापांकडून मिळतो, आणि तो रंग उन्हापासून आपलं रक्षणच करतो. गालांवरचा वांग ग्रीन टीने जातो असं म्हणण्याइतका भक्कम पुरावा नाही. वांग ऊन-उष्णतेने, गरोदरपणात, कधी गर्भनिरोधक गोळ्यांनी वाढतो. त्याला उन्हापासून जपणं हा पहिला उपाय, आणि औषध लागलं तर ते त्वचेच्या डॉक्टरांनी द्यायचं. सुरकुत्या पुसण्याची जाहिरातही मनावर घेऊ नका.

डबी वाचायला शिकू

शिकलेल्या मुलीला जवळ बसवा आणि डबी उलटी करा. समोरच्या बाजूला कंपनी जे म्हणते ती जाहिरात. खरी माहिती मागे, बारीक अक्षरात.

घटकांची यादी शोधा. ती इंग्रजीत असते. नियम असा की जो घटक वजनाने सगळ्यात जास्त तो आधी, आणि पुढे उतरत्या क्रमाने. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक मात्र शेवटी कसेही लिहिता येतात. पहिलं नाव बहुतेक वेळा पाण्याचं असतं, ‘अ‍ॅक्वा’. आता ‘कॅमेलिया सायनेन्सिस लीफ एक्स्ट्रॅक्ट’ कितव्या नंबरावर आहे ते बघा. मग ‘फिनॉक्सीइथॅनॉल’ हे नाव शोधा. माल टिकवण्यासाठी ते घालतात आणि १ टक्क्यापर्यंतच घालता येतं. चहाच्या अर्काचं नाव त्याच्याही मागे असेल तर समजा, अर्क फार तर एक टक्का, बहुधा चिमूटभर. पुष्कळ डब्यांत असंच आढळेल. नाव पानाचं, आत पाणी आणि सुगंध.

वासाचंही तसंच. हिरव्या चहाला तसा फार सुवास नसतो. डबी उघडताच दरवळ आला तर तो वरून घातलेला. नाजूक त्वचेला खाज येते ती अनेकदा या सुगंधानेच.

‘नैसर्गिक’, ‘हर्बल’, ‘केमिकल फ्री’ या शब्दांवरून आत काय आहे आणि किती आहे ते कळत नाही. रुईचा चीकही नैसर्गिकच असतो, म्हणून कोणी डोळ्यात घालत नाही.

यादीनंतर आणखी गोष्टी बघा. बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता. परवाना क्रमांक, त्याच्या आधी बहुधा ‘एम. एल.’ किंवा ‘मॅन्युफॅक्चरिंग लायसन्स नंबर’ असतं. बॅच नंबर. कधी बनवलं आणि कधीपर्यंत वापरायचं. परदेशी माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक. आयुर्वेदिक मालाचा परवाना वेगळा, आयुषचा असतो. खाण्याच्या पुड्यावर असतो तो एफएसएसएआयचा नंबर क्रीमवर दाखवून कोणी ‘सरकारमान्य’ म्हणत असेल तर भुलू नका, तो खाद्यपदार्थांचा परवाना आहे.

यातलं काहीच नसलेली डबी, मग ती कितीही हिरवी असो, घरात आणू नका. का, ते आता सांगतो.

अकोल्याची गोष्ट

अकोल्यातल्या एका घरातल्या तिघी, आई आणि तिच्या दोन मुली. २०२२ साली तिघींना एकापाठोपाठ मूत्रपिंडाचा त्रास सुरू झाला. एकाच घरात, एकाच सुमारास तिघींना मूत्रपिंडाला सूज कशी येते? डॉक्टरांनी सगळं विचारून काढलं. शेवटी बोट गेलं एका क्रीमवर. स्थानिक पार्लरमधून घेतलेलं, चेहरा उजळ करणारं क्रीम तिघीही वापरत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तपास पुढे नेला. क्रीममध्ये पारा निघाला, आणि अंगातही पारा वाढलेला. जानेवारी २०२३मध्ये ही बातमी वर्तमानपत्रांत आली.

केरळातही असंच घडलं. मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांना मूत्रपिंडाच्या एका खास आजाराचे रुग्ण एकापाठोपाठ दिसू लागले. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात अशा आजाराचे २२ रुग्ण तपासले. त्यातल्या १५ जणांत एक विशिष्ट खूण सापडली, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाचं क्रीम वापरत होते.

पारा क्रीममध्ये घालतात कशाला? त्वचेला रंग देणारं द्रव्य बनतं ती क्रिया पारा रोखतो. म्हणून आठ-पंधरा दिवसांत चेहरा उजळ दिसतो, बाई खूश होते आणि दुसरी डबी घेते. पण पारा त्वचेतून आत शिरतो आणि मूत्रपिंडात साचतो. मूत्रपिंड ही आपल्या अंगातली गाळणी. तिला इजा झाली की रक्तातलं प्रथिन लघवीतून गळतं. मग लघवीला फेस येतो, सकाळी डोळ्यांखाली सूज, संध्याकाळी पायांवर सूज. आणि हा त्रास एकटीला होत नाही. पाऱ्याची वाफ होते. हाताला, टॉवेलला, उशीला लागलेलं क्रीम लेकराच्या अंगात जाऊ शकतं.

आपला कायदा स्पष्ट आहे. क्रीममध्ये पारा घालायला बंदी आहे. नकळत आलाच तर दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त असता कामा नये. पण परवाना नाही, पत्ता नाही अशा डबीला कायदा गाठणार कसा? आणि हेच क्रीम उद्या ‘ग्रीन टी व्हाइटनिंग’ नावाने, पानाचं चित्र लावून आलं तर? चित्रावरून आतलं कळत नाही.

म्हणून या खुणा पाठ करा. आठ-पंधरा दिवसांत गोरं करण्याची हमी. साधी, बिननावाची डबी, किंवा पार्लरमध्ये मोठ्या बरणीतून काढून दिलेलं क्रीम. ‘सोन्या-चांदीला लागू देऊ नका’ अशी सूचना, कारण पारा दागिन्याला खातो. यादीत ‘मर्क्युरी’, ‘मर्क्युरिक’, ‘कॅलोमेल’ असे शब्द. पण पारा असूनही नाव न लिहिणारेच जास्त, म्हणून यादी नसणं हीच मोठी खूण.

पाऱ्याचा भाऊ म्हणावा असा दुसरा धोका म्हणजे स्टिरॉइड. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल ही नावं ट्यूबवर दिसली तर ते औषध आहे, सौंदर्याचं क्रीम नाही. २०१८पासून अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे. तरी शेजारणीने सांगितलं म्हणून कित्येक जणी ती रोज तोंडाला लावतात. सुरुवातीला चेहरा नितळ दिसतो. काही महिन्यांनी त्वचा पातळ होते, लाल रेषा दिसतात, मुरुम येतात, लव वाढते. बंद केलं की चेहरा भाजल्यासारखा लाल होतो, म्हणून बाई पुन्हा लावते. हे चक्र डॉक्टरांच्या मदतीनेच सुटतं.

कोणी असं काही वापरत असेल तर घाबरवू नका, ओरडू नका. संशयाचं बिननावाचं क्रीम लावणं थांबवा. डबी फेकू नका, जाळू तर मुळीच नका. झाकण घट्ट लावून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा, तपासायला तीच लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रात लघवीची तपासणी करून घ्या आणि डॉक्टरांना डबी दाखवा. अकोल्याला सर्वोपचार, अमरावतीला इर्विन, दोन्हीकडे दाखवता येईल. स्टिरॉइडची ट्यूब बऱ्याच महिन्यांपासून चालू असेल तर ती कशी सोडायची हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते, त्यांचा फोन १८००२२२३६५. ग्राहक म्हणून फसवणूक झाली तर १९१५.

घरी वापरायचं तर

ज्यांना आवड आहे त्यांनी घरच्या घरी साधा प्रयोग करायला हरकत नाही. एक कप पाणी उकळून खाली उतरवा, दोन-तीन मिनिटं थांबा. मग त्यात साधा, सुगंध नसलेला हिरवा चहा चमचाभर किंवा एक पुडी टाका, तीन-चार मिनिटं झाका, गाळा आणि पूर्ण थंड होऊ द्या. धुतलेलं सुती कापड त्यात भिजवून, पिळून, उन्हाने तापलेल्या चेहऱ्यावर दहा मिनिटं ठेवा. गार वाटेल. उरलेलं पाणी त्याच दिवशी फेकून द्या. दुसऱ्या दिवशी त्यात जंतू वाढलेले असतात.

पहिल्यांदा लावताना आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक-दोन दिवस वाट बघा. खाज, लाली, पुरळ आलं तर तो चहा तुमच्यासाठी नाही. कापलेल्या, चिघळलेल्या जागी लावू नका. त्यात लिंबू पिळू नका. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर त्वचेवर फोड आणि काळे डाग उठू शकतात.

प्यायचं काय?

हिरवा चहा प्यायल्याने त्वचा चमकते असंही सांगतात. कप-दोन कप प्यायला हरकत नाही. पण आपल्या बायकांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. चहा, हिरवा असो की काळा, जेवणासोबत घेतला की अन्नातलं लोह अंगी लागत नाही. लोहाच्या गोळीसोबत तर चहा नकोच. जेवण आणि चहा यात तासाभराचं अंतर ठेवा. ओठ-नखं पांढुरकी, चेहरा निस्तेज, त्याचं कारण पुष्कळदा रक्त कमी असणं हेच असतं. तिथे क्रीम काय करणार? हिमोग्लोबिन तपासून घ्या.

वजन कमी करायच्या ग्रीन टीच्या गोळ्या-कॅप्सूलपासून मात्र लांब राहा. त्यात अर्क फार दाट असतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली सांगितलं की गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी घेतल्यास यकृताला इजा होण्याची चिन्हं दिसतात. कपातला चहा वेगळा आणि गोळी वेगळी.

गटाने बनवून विकायचं तर

आता गटांचा प्रश्न. शिवणकाम, पापड, मसाले झाले. आता साबण-क्रीमचं प्रशिक्षण घेऊन उद्योग करावा असं पुष्कळ गटांना वाटतं. चांगलं आहे. पण आधी तीन गोष्टी समजून घ्या.

पहिली, परवाना. स्वतःच्या घरापुरतं उटणं केलं तर कोणी विचारत नाही. पण विकायचं म्हटलं की क्रीम, लोशन, आंघोळीचा साबण हे सगळं सौंदर्यप्रसाधनांत येतं, आणि सौंदर्यप्रसाधन नियम २०२० प्रमाणे बनवण्याचा परवाना लागतो. तो अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. स्वच्छ, वेगळी जागा, यंत्रसामग्री, माल तपासण्याची सोय आणि रसायनशास्त्र किंवा औषधनिर्माणशास्त्र शिकलेली जाणकार व्यक्ती असावी लागते. उद्यमची नोंदणी किंवा खाद्यपदार्थांचा परवाना त्याच्या बदल्यात चालत नाही. एवढा खर्च झेपत नसेल तर परवाना असलेल्या कारखान्यात आपल्या नावाचा माल बनवून घेण्याचीही तरतूद आहे. उमेद किंवा माविमच्या ताईंना घेऊन आधी जिल्ह्याच्या कार्यालयात चौकशी करा, मग पैसे गुंतवा.

दुसरी, टिकाऊपणा. ज्या वस्तूत पाणी आहे ती टिकवायला योग्य प्रमाणात संरक्षक घालावंच लागतं. ‘केमिकल नको’ म्हणून ते गाळलं तर चहाचा अर्क आणि पाणी मिळून जंतूंची खीर होते. डोळ्यांनी ते दिसतही नाही. आठ दिवसांनी गिऱ्हाइकाच्या तोंडावर पुरळ आलं तर गटाचं नाव जातं, आणि मागून मसाला-पापडही कोणी घेत नाही.

तिसरी, बोलणं. ‘गोरे करते’, ‘वांग घालवते’, ‘मुरुम बरे करते’ असं लेबलवर लिहायचा मोह होईल. लिहू नका. रोग बरा करण्याचा दावा केला की वस्तू औषधात मोजली जाते. आणि आपल्याच गावच्या पोरीला ‘तू काळी आहेस, हे लाव’ असं सांगून आलेला पैसा गटाच्या पेटीत कशाला हवा?

ग्रीन टीची भुकटी बाहेरून महाग आणायची, साबणात घालायची आणि ती त्यातच मोडून जायची, हा व्यवहारही तोट्याचाच. साधा, चांगल्या तेलाचा, परवाना घेऊन बनवलेला साबण खऱ्या नावाने विकला तर तो जास्त दिवस चालेल.

पुढच्या बैठकीत एवढं करा

प्रत्येकीने घरातली तोंडाला लावायची एकेक वस्तू आणायची. शिकलेल्या मुलींना सोबत घेऊन पाच गोष्टी शोधायच्या: घटकांची यादी, बनवणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि मुदत. ज्या डबीवर हे नाही ती बाजूला काढायची. ज्या ट्यूबवर ‘सोन’ किंवा ‘सोल’ने संपणारं औषधाचं नाव आहे ती आशाताईंना दाखवायची. मग सोडा आणि हिरव्या चहाचा प्रयोग करायचा, त्याला दहा रुपयेही लागत नाहीत. गावात पार्लर चालवणारी ताई असेल तर तिलाही प्रेमाने बोलवा. तिलाही व्यापाऱ्याने खोटंच सांगितलेलं असू शकतं, आणि बरणीतलं क्रीम रोज हाताने लावणाऱ्या तिलाच धोका सगळ्यात जास्त.

हिरवा चहा वाईट नाही. तो थोडा गुणाचा आहे, आणि डबीवर त्याचं नाव गुणापेक्षा बरंच मोठं छापलेलं आहे. डबी उलटी करून वाचणाऱ्या बाईला फसवणं अवघड असतं. पुढच्या वेळी राजापेठेत खरेदीला गेलात तर दुकानदाराला म्हणा, ‘भाऊ, जरा थांबा, मागचं वाचू द्या.’